डायंथस बियांपासून फुलवताना : पाकिटावरचा महिना कोल्हापूरचा नसतो

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरातल्या कोणत्याही रोपवाटिकेत गेले, तर काळ्या पिशव्यांत आणि छोट्या कुंड्यांत गुलाबी, लाल, पांढऱ्या, दातेरी कडांच्या पाकळ्यांचे डायंथस फुललेले दिसते. तीच फुले घरी बियांपासून मिळवावीत म्हणून ऑनलाइन पाकीट मागवणाऱ्यांची संख्या वाढली आहे, पण त्यांचा अनुभव पुष्कळदा वेगळा असतो. एप्रिलमध्ये पेरलेले बी उगवत नाही, जूनमध्ये उगवलेली रोपे आठवड्याभरात आडवी होतात, आणि एखाद्याचे रोप तर वर्षभर हिरवेगार राहूनही कळी धरत नाही. तिन्ही वेळा दोष बियाण्याला दिला जातो. बियाणे जुने किंवा बनावट असूही शकते, परंतु या तिन्ही तक्रारींमागे बहुधा पेरणीचा महिना किंवा पाकिटातला प्रकार असतो. दोन्ही नीट समजून घेतले, तर पाकीट विकत घेण्यापूर्वीच निम्मे काम होते.

एकाच नावाखाली निराळी झाडे

डायंथस हे एका झाडाचे नाव नाही. ते एका वनस्पतिकुळातल्या प्रजातीचे नाव असून तिच्यात सुमारे तीनशे जाती येतात. त्यांतील बहुसंख्य युरोप आणि आशियाच्या थंड किंवा समशीतोष्ण भागांत, अनेकदा चुनखडीच्या दगडाळ उतारांवर वाढतात. आपल्या अंगणाशी संबंध येतो तो त्यांपैकी तिघांचाच.

पहिले चायना पिंक. हे मूळचे चीन, कोरिया आणि त्यांच्या उत्तरेकडच्या प्रदेशातले. पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत फुलते, वीतभर किंवा त्याहून थोडे अधिक वाढते आणि आपल्याकडे हिवाळी हंगामी फूल म्हणून लावले जाते. रोपवाटिकांत दिसणारे डायंथस बहुतेक याच जातीचे किंवा तिच्या संकरातले असते. दुसरे स्वीट विल्यम. त्याच्या दांड्याच्या टोकाला लहान फुलांचा सपाट, दाट गुच्छ येतो. त्याचे पारंपरिक वाण द्विवर्षायू आहेत, म्हणजे पहिल्या वर्षी पाने आणि दुसऱ्या वर्षी फुले, असा त्यांचा क्रम असतो. तिसरे कार्नेशन. पुष्पगुच्छातले हे लांब दांड्याचे, भरगच्च पाकळ्यांचे फूल पश्चिम महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसमध्ये व्यापारी प्रमाणावर घेतले जाते, पण तिथे ते बियांपासून नव्हे, तर शेंड्याच्या कलमांपासून वाढवतात, कारण बाजाराला प्रत्येक फूल हुबेहूब सारखे हवे असते. घरी बियांपासून तसे कार्नेशन मिळेल या अपेक्षेने पाकीट घेणाऱ्याची निराशा होणार, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

पाकिटावर नुसते ‘डायंथस मिक्स’ लिहिले असेल, तर या तिघांपैकी आत काय आहे हे कळायला मार्ग नाही. शास्त्रीय नाव पाहावे. ‘डायंथस चायनेन्सिस’ असेल, तर कोल्हापूरसाठी ते निर्धास्तपणे घ्यावे. ‘बार्बेटस’ म्हणजे स्वीट विल्यम, आणि त्याबाबत पुढे सांगितलेली अट लक्षात ठेवावी. ‘कॅरिओफिलस’ म्हणजे कार्नेशन. चायनेन्सिस आणि बार्बेटस यांच्या संकरातून तयार केलेले वाणही मिळतात. ‘टेलस्टार’ ही मालिका त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. हे संकर थंडीची वाट न पाहता पहिल्याच हंगामात फुलतात.

पाकिटावरचा एप्रिल कोणाचा?

अनेक पाकिटांवर पेरणीचा काळ मार्च ते मे असा छापलेला असतो. हा सल्ला खोटा नाही. तो जिथे हिवाळ्यात जमीन गोठते अशा देशांसाठी लिहिलेला आहे. तिथला एप्रिल म्हणजे हिम सरल्यानंतरचा, दिवसा १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमानाचा काळ. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३७ अंशांच्या आसपास जातो, आणि गच्चीवरच्या काळ्या ट्रेमधली माती हवेपेक्षाही जास्त तापते. त्यामुळे पाकिटावरचा महिना बाजूला ठेवून त्या महिन्यामागचे तापमान वाचायला हवे. तिथल्या एप्रिल-मेसारखे दिवस आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही पूर्णपणे येत नाहीत, पण डायंथसला चालून जाईल इतके जवळ येतात : दिवसा २८ ते ३० अंश, पहाटे १४ ते १५ अंश.

यातून पेरणीची वेळ उलट मोजता येते. फुले जानेवारीत हवी असतील आणि पेरल्यापासून फुलापर्यंत बारा-तेरा आठवडे लागत असतील, तर पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. कोल्हापूरकरांना ही वेळ तारखेपेक्षा सणावरून लक्षात ठेवणे सोपे जाईल. घटस्थापनेला घरोघरी परडीतल्या मातीत धान्य पेरले जाते, त्याच दिवसांत डायंथसचा ट्रेही भरावा. दसऱ्याला बहुतेक बी उगवलेले असते आणि दिवाळी उलटल्यावर रोपे कुंडीत लावण्याजोगी होतात. या काळात पावसाचा जोर ओसरत असतो, आणि पुढे येणारी ऑक्टोबरची तात्पुरती उष्णता रोपे लहान असल्याने सावलीत हलवून टाळता येते. नोव्हेंबरमध्ये पेरले तरी चालते, फक्त फुले फेब्रुवारीत येतात आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी त्यांना मिळणारा काळ आखडतो. डिसेंबरनंतर पेरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

उगवायला उबदार, वाढायला गार

बी उगवण्यासाठी आणि रोप वाढण्यासाठी लागणारे तापमान वेगवेगळे असते, हे फारसे कोणी सांगत नाही. डायंथसचे बी २० ते २२ अंशांत सर्वांत चांगले, साधारण पाच ते दहा दिवसांत उगवते. तीस अंशांच्या पुढे उगवण घटते आणि विस्कळीत होते, म्हणजे काही बिया चौथ्या दिवशी, काही पंधराव्या दिवशी आणि काही कधीच उगवत नाहीत. उगवून आल्यावर मात्र त्याच रोपाला १० ते १५ अंशांची रात्र अधिक मानवते. गार हवेत रोप बुटके, जाड दांड्याचे आणि फुटवेदार होते. उबेत आणि अपुऱ्या उजेडात ते लांबट, किडकिडीत होऊन वाकते.

म्हणून ट्रे उगवणीपर्यंत घरात किंवा व्हरांड्यात, थेट उन्हापासून दूर ठेवावा. मात्र पहिले अंकुर दिसताच त्याच दिवशी तो सकाळचे ऊन येणाऱ्या मोकळ्या जागी न्यावा. ‘सगळे उगवू दे, मग नेऊ’ असे म्हणत आणखी चार दिवस घरात ठेवलेली रोपे पुढे कधीच सावरत नाहीत.

पेरणी, आणि रोपे का कोलमडतात

डायंथसचे बी काळे, चपटे आणि लहान असते. एका ग्रॅममध्ये साधारण आठशे ते हजार बिया भरतात. त्यामुळे पाकिटात चिमूटभर बी दिसले, तर फसवणूक झाली असे समजू नये. या बियांना उगवायला उजेडाची गरज नसते. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा बारीक थर वरून पसरावा, म्हणजे ओल टिकते. पेरण्यासाठी भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत मिळणारे प्रो-ट्रे सोयीचे पडतात, कारण प्रत्येक खणात दोन बिया टाकून नंतर एकच रोप ठेवता येते आणि लावणीच्या वेळी मुळांना धक्का बसत नाही.

भरण्याचे मिश्रण साधे असावे : दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळखत. कोकोपीट धुवायला सांगण्याचे कारण असे की, ते ज्यापासून बनते त्या नारळाच्या सालीत क्षार असतात आणि कोकोपीटच्या न धुतलेल्या, दाबून केलेल्या विटेत ते इतके असू शकतात की कोवळ्या मुळांचे टोक जळते. वीट पाण्यात फुगवून, पिळून, दोन-तीन वेळा पाणी बदलले की पुरते. कच्चे शेणखत आणि कारखान्याची न कुजलेली मळी या दोन गोष्टी आपल्या ऊसपट्ट्यात सहज मिळतात, पण त्या ट्रेमध्ये अजिबात घालू नयेत. कुजताना दोन्ही तापतात आणि बुरशीला खाद्य पुरवतात.

बुरशीचा विषय येथे जरा विस्ताराने घ्यायला हवा, कारण कोल्हापूरच्या हवेत डायंथसची सर्वाधिक रोपे तिच्यामुळेच जातात. संध्याकाळी ताठ असलेले रोप सकाळी मातीलगत बारीक, पाणचट होऊन आडवे पडलेले दिसते, आणि दोन दिवसांत त्याच्या शेजारची रोपेही तशीच पडतात. याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशी त्याला कारणीभूत असतात. या बुरशी जवळजवळ प्रत्येक मातीत थोड्याफार असतातच, पण त्यांना वाढायला सतत ओल, दाटीवाटी आणि थांबलेली हवा लागते. जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आपोआप जुळून येतात. पंचगंगेच्या काठच्या शहरात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस कमी होत नाही, आणि गगनबावड्याच्या बाजूला गेले तर उन्हाचे दर्शनही दुर्मीळ असते. जूनमध्ये पेरलेले बी उगवते, कारण त्याला हवे ते तापमान मिळते. मरते ते नंतर.

उपाय औषधापेक्षा सवयीत आहे. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल ठेवावी. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. झारीने वरून शिंपडण्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटे ठेवून खालून ओल शोषू देणे चांगले. उगवणीसाठी ट्रेवर प्लास्टिक झाकले असेल, तर अंकुर दिसताच ते काढावे. भरतानाच मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळली, तर ती रोगकारक बुरशीशी स्पर्धा करते. कृषी सेवा केंद्रात तिची पूड सहज मिळते. एकदा रोप आडवे पडले की ते वाचत नाही. ते आणि त्याच्या आसपासची माती काढून टाकणे एवढेच हातात उरते.

‘बी फ्रिजमध्ये ठेवले तर थंडी मिळणार नाही का?’

हा प्रश्न स्वीट विल्यमच्या संदर्भात हमखास येतो. या झाडाच्या पारंपरिक वाणांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे साधारण ५ अंशांच्या आसपासची थंडी लागते. थंडी मिळाल्यानंतरच फुलण्याची क्षमता येण्याच्या या प्रक्रियेला वासंतीकरण म्हणतात. युरोपात उन्हाळ्यात पेरलेले स्वीट विल्यम हिवाळाभर बर्फाखाली पानांच्या झुबक्याच्या रूपात बसून राहते आणि पुढच्या वसंतात फुलते.

ही व्यवस्था समजण्यासाठी किराणा दुकानाची खतावणी डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक थंड रात्र झाडाच्या खात्यावर जमा होते. ठरावीक रक्कम पूर्ण झाली की कळ्यांची परवानगी मिळते. आणि मध्येच खूप उष्ण दिवस आले, तर काही वनस्पतींमध्ये जमा झालेले खर्चीही पडते. कोल्हापूरची पहाट बहुतेक हिवाळाभर १४-१५ अंशांवर थांबते आणि दुपारी पारा पुन्हा तिशीकडे जातो. अशा खात्यात शिल्लक साठत नाही. हिरवेगार राहूनही न फुलणाऱ्या रोपाचे कोडे बहुधा येथे सुटते.

आता फ्रिजविषयी. खाते उघडायला खातेदार हवा, आणि कोरडे बी हे खातेदार नव्हे. स्वीट विल्यमच्या बाबतीत थंडीची नोंद पुरेसे वाढलेले रोप घेते. फ्रिजमध्ये ठेवलेले कोरडे पाकीट त्यामुळे फुलण्याच्या दिशेने एक पाऊलही पुढे सरकत नाही; ते फक्त जास्त काळ टिकते. काही रानटी वनस्पतींच्या बियांची सुप्तावस्था मोडण्यासाठी त्यांना ओल्या वाळूत थंड ठेवावे लागते, आणि त्या निराळ्या कारणासाठी दिलेला सल्ला लोक डायंथसला लावतात. चायना पिंकच्या बियांना अशी कोणतीच पूर्वतयारी लागत नाही. स्वीट विल्यमचेच गुच्छ हवे असतील, तर ‘वार्षिक’ किंवा ‘पहिल्या वर्षी फुलणारे’ असे स्पष्ट लिहिलेले वाण घ्यावेत. ते थंडीची अट काढून टाकण्याच्या हेतूनेच निवडलेले आहेत.

आपली माती आणि कुंडी

रोपाला चार-पाच पानांच्या जोड्या आल्या की ते १५ ते २० सेंटिमीटरच्या कुंडीत एक, किंवा वाफ्यात वीतभर अंतराने लावावे. लावताना ट्रेमध्ये होते त्याच खोलीवर ठेवावे. दांडा मातीत पुरला तर तिथेच कुज सुरू होते. याच सुमारास शेंडा खुडला, तर फुले काही दिवस उशिरा येतात, पण फुटवे वाढतात आणि शेवटी फुलांची संख्या जास्त मिळते.

डायंथसला मातीत दोन गोष्टी हव्या असतात : पाण्याचा चांगला निचरा आणि किंचित अल्कधर्मी ते उदासीन सामू. सामू म्हणजे मातीची आम्लता मोजणारा आकडा. सात हा मध्य, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. डायंथसला साधारण सहा ते साडेसात चालतो. कोल्हापूर जिल्ह्यात माती एकसारखी नाही, म्हणून सल्लाही एकच देता येत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा या पश्चिमेकडच्या भागांत जांभ्या दगडाची तांबडी माती आहे. तिथे निचरा चांगला असतो, पण भरपूर पावसाने चुना वाहून गेल्यामुळे माती आम्ल होते. कुंडीमागे चिमूट-दोन चिमूट शेतीचा चुना मिसळणे उपयोगी पडते. शहरापासून पूर्वेकडे हातकणंगले, शिरोळच्या दिशेने काळी माती लागते. तिच्यात चुना पुरेसा असतो. अडचण निचऱ्याची असते, कारण ती पाणी धरून बसते आणि सुकताना भेगाळते. तिच्यात निम्म्या प्रमाणात जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि कंपोस्ट मिसळल्याशिवाय कुंडी भरू नये. शिरोळ भागात जास्त पाण्यामुळे ज्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तिथली माती कुंडीसाठी आणूच नये.

खताच्या बाबतीत आपल्या भागातला एक मोह टाळायला हवा. उसाला युरिया टाकायची सवय असलेला हात अंगणातल्या फुलांकडेही त्याच पिशवीतून मूठ घेऊन वळतो. जास्त नत्राने डायंथसची पाने मऊ आणि दांडे लेचेपेचे होतात, मावा लगेच येतो आणि कळ्या लांबतात. लावताना मूठभर गांडूळखत आणि कळ्या येताना पालाश असलेले सौम्य विद्राव्य खत, एवढे पुरते. ऊन मात्र किमान पाच-सहा तास हवेच. कोल्हापुरात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचाच असतो, आणि डायंथसला मोठा दिवस आवडत असल्याने सावलीतल्या कुंडीत फुले आणखी रेंगाळतात.

‘घरच्या फुलांचे बी धरले, तर पुढच्या वर्षी पाकीट कशाला?’

बी धरता येते, पण काय मिळेल हे पाकिटावरील एका अक्षरावर अवलंबून असते. ‘एफ-१’ म्हणजे दोन निरनिराळ्या, शुद्ध ठेवलेल्या वंशांच्या संकराची पहिली पिढी. ती एकसारखी आणि जोमदार असते. तिचे बी पेरले, तर आजी-आजोबांचे गुण पुन्हा वेगवेगळे होऊन बाहेर पडतात : उंची, रंग, फुलण्याची वेळ, सारेच विखुरते. दोन भिन्न जातींच्या संकरात आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे बी धरलेच न जाणे. याचे प्रसिद्ध उदाहरण याच प्रजातीतले आहे. लंडनचा रोपवाटिकाकार थॉमस फेअरचाइल्ड याने १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम यांचा संकर मुद्दाम घडवून आणला. माणसाने जाणूनबुजून केलेला तो पहिला नोंदलेला वनस्पती-संकर मानला जातो, आणि त्याला लोक ‘फेअरचाइल्डचे खेचर’ म्हणत, कारण ते झाड वांझ होते.

‘ओपन पॉलिनेटेड’, म्हणजे मोकळ्या परागीभवनाचे वाण असेल, तर बी जरूर धरावे. तरीही शेजारी दुसऱ्या रंगाचे डायंथस असेल, तर रंग मिसळणार. या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे पराग बहुतेकदा दुसऱ्या फुलावरून फुलपाखरांच्या किंवा माश्यांच्या अंगाला लागून येतो. रंगांची सरमिसळ चालणार असेल, तर ही अडचण मानण्याचे कारण नाही.

‘तयार रोप मिळत असताना एवढा खटाटोप का?’

दोन-चार कुंड्याच हव्या असतील, तर खरोखरच करू नये. डिसेंबरात रोपवाटिकेतून कळ्या असलेली रोपे आणावीत. फुले उमललेले रोप मात्र टाळावे, कारण त्याचा निम्मा बहर दुकानातच होऊन गेलेला असतो. बियांचा फायदा संख्या हवी असताना होतो. गच्चीचा कठडा भरून काढायचा असेल किंवा दारासमोरचा वाफा एकाच रंगात हवा असेल, तर एका पाकिटात तो खर्च निभतो आणि रोपवाटिकेत न मिळणारे रंगही निवडता येतात.

फुले सरल्यावर

पहिला बहर ओसरला की सुकलेली फुले देठासह कापावीत आणि झाड एक तृतीयांश छाटावे. बी धरण्यात जाणारी शक्ती वाचते आणि तीन-चार आठवड्यांत दुसरा बहर येतो. मार्चपासून दुपारची सावली द्यावी. एप्रिल-मेमध्ये पाने पिवळी पडून लाल कोळी दिसू लागला, तर निंबोळी अर्काने काही काळ रोखता येतो, पण या दिवसांत फुलांची अपेक्षा ठेवू नये.

पावसाळ्यात झाड जगवण्याचा आग्रह धरणारे असतात, आणि वळचणीखाली, निथळत्या मिश्रणात ठेवलेली एखादी कुंडी जगतेही. परंतु चायना पिंक हंगामी झाड म्हणूनच जोमाने फुलते. दुसऱ्या वर्षी ते झिपरे होते आणि फुले लहान येतात. मे महिन्यात ते काढून टाकावे आणि बी धरायचे असेल, तर त्याआधी काही बोंडे झाडावरच तपकिरी होऊ द्यावीत. बोंड वरच्या टोकाला उघडते, त्यामुळे देठ सरळ धरूनच कापावा, नाहीतर बी तिथेच सांडते. आठवडाभर सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह बी ठेवावे. पावसाळी दमट हवेत कागदाच्या पाकिटात ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. साठवणीची ही बाटली फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, मात्र ती बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, म्हणजे थंड बियांवर दव धरत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांतल्या वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून पाहाव्यात. दहा दिवसांत दहाहून कमी उगवल्या, तर खणात दोनऐवजी चार बिया टाकाव्यात किंवा नवे पाकीट मागवावे.